क्राबीच्या बोटी, सहा माणसं आणि एक पाकीट

पत्र

ताई, फेब्रुवारीत आम्ही सहा जण पाच दिवसांसाठी थायलंडमध्ये क्राबीला चाललोय. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक, माझ्या सासूबाई, शिवाय नवऱ्याचा जुना मित्र आणि त्याची बायको. मुक्काम क्राबीतल्या आओ नांगच्या किनाऱ्यावर आहे. एजंटने तीन दिवसांच्या तीन बोटसहली सुचवल्यात: फी फी, चार बेटं आणि हाँग बेटं. सगळ्या स्पीडबोटीने, इतर प्रवाशांबरोबर. हिशेब केला तर अर्धं बजेट बोटींतच जातंय. मित्र म्हणतो, अख्खी बोट आपलीच करू आणि खर्च निम्मा-निम्मा वाटू. नवरा म्हणतो, मिळेल ते सगळ्यात स्वस्त तिकीट घेऊ आणि आईला हॉटेलवरच राहू दे. तिचे गुडघे दुखतात, तेवढेच पैसेही वाचतील. सासूबाई काहीच बोलत नाहीत. मी मधल्या मध्ये अडकलेय. पैसे वाचवायचे आहेत, पण मन दुखवायचं नाही. काय करू?

उत्तर

सगळ्यात आधी हाँगची सहल रद्द करा. बाकी सगळं त्यानंतर.

हाँग बेटं सुंदरच आहेत. थाई भाषेत हाँग म्हणजे खोली, आणि तिथलं कड्यांनी वेढलेलं खाजण खरोखर छप्पर नसलेल्या खोलीसारखं दिसतं. पण फी फी, चार बेटं आणि हाँग या तिन्ही सहलींत पाहायचं असतं ते साधारण एकच: समुद्रातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे, हिरवं पाणी, पांढरी वाळू आणि मासे. पाच दिवसांत तीन दिवस रोज सकाळी धक्क्यावर रांग, अंगाला मीठ आणि संध्याकाळी पेंगुळलेली पोर. तिसऱ्या दिवशी कुणी डोळे भरून बघत नाही. तिकिटात दहा टक्के सूट मिळवायला तासभर घासाघीस करण्यापेक्षा एक अख्खी सहल वगळली तर कितीतरी जास्त वाचतं आणि सुट्टीतला एक दिवसही परत मिळतो.

आता एजंटचा कागद पुन्हा हातात घ्या आणि तळाच्या बारीक अक्षरांत 'राष्ट्रीय उद्यान शुल्क वगळून' असं काही लिहिलंय का ते बघा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. फी फी आणि चार बेटं एकाच राष्ट्रीय उद्यानात येतात. परदेशी पाहुण्याला फी फीला माणशी ४०० बाट (थायलंडचं चलन) आणि मुलांना २०० बाट पडतात, चार बेटांचा दर वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या. हाँगचं उद्यान वेगळं, तिथे ३०० आणि १५०. म्हणजे तीन सहलींचे मोठ्या माणसाला हजाराच्या आसपास बाट आणि लेकीला त्याच्या निम्मे. पाच मोठी माणसं आणि एक मूल मिळून पाच-सहा हजार बाट, तेही तिकिटाच्या वर आणि बहुधा रोख. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो असा. सगळ्यात स्वस्त तिकिटावर हा मसाला कधीच धरलेला नसतो. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना आकडा कमी कुठला ते बघू नका. उद्यानाचं शुल्क, हॉटेलपासून धक्क्यापर्यंत ने-आण, दुपारचं जेवण, पाणी, स्नॉर्केलिंगचा, म्हणजे तरंगत पाण्याखाली बघायचा मुखवटा आणि विमा यातलं आत काय आणि बाहेर काय, हे दोन्हीकडे विचारून घ्या आणि मगच बेरीज करा. पायातले फिन्स बहुतेक वेळा वेगळ्या भाड्याने देतात. ते नाही घेतले तरी चालतं, लाइफ जॅकेट घालून तरंगायला ते लागत नाहीत.

हे मी एवढं घोळवून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका सामायिक बोटीत आमच्या शेजारी एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. चार बेटांतल्या पोडा बेटावर उतरताना उद्यानाचा माणूस पावतीपुस्तक घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा त्यांना कळलं की हे पैसे वेगळे आहेत. खिशात कार्ड होतं, रोख मोजून सहाशे बाट. नवऱ्याचे आणि मुलाचे भरले आणि ती बाई 'मला ऊन लागतं' म्हणून बोटीतच बसली. मी पैसे पुढे केले, तिने हसून नको म्हटलं. पाऊण तास ती त्या हलत्या बोटीत, चपला हातात धरून, काठावरच्या आपल्या मुलाकडे बघत होती. तिकीट विकणाऱ्याने एक वाक्य आधी सांगितलं असतं तर हे झालं नसतं. तुमच्या घरातली कुणीही बाई तशी बसू नये, एवढंच मला वाटतं.

आणि म्हणून सासूबाईंचं. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्यांना यायचं नाही असा नाही. आपल्यामुळे पोरांचा खर्च वाढतोय असं वाटलं की आपल्याकडच्या बायका गप्पच बसतात. तुमच्या यजमानांना आईच्या गुडघ्यांची काळजी आहे हे मला पटतं, पण तेच वाक्य 'तेवढेच पैसे वाचतील' इथे संपलं तर ते आईच्या कानात वेगळंच वाजतं. त्यांना समोर बसवून विचारा. 'तुम्हाला झेपेल का' असं विचारलंत तर त्या नाहीच म्हणतील. 'कुठल्या बोटीने गेलेलं बरं पडेल' असं विचारा. परदेशातल्या समुद्रापर्यंत आणून त्यांना चार भिंतींत ठेवायचं असेल, तर विमानाच्या तिकिटाचे पैसे तरी कशाला घातले?

त्यांच्यासाठी बोट कुठली, हे मात्र नीट बघावं लागेल. स्पीडबोट लाटेवर आपटते. पुढच्या टोकाला बसलं की प्रत्येक दणका कमरेतून वर जातो. मागे, इंजिनाकडे, तो बराच कमी असतो. फी फीपर्यंत पाऊण ते एक तास असे दणके खायचे, तेही येताना पुन्हा, हे दुखऱ्या गुडघ्यांना आणि पाठीला मी सुचवणार नाही. शिवाय ज्या माया बेसाठी सगळे फी फीला धावतात, तिथे आता बोट खाडीत जात नाही. पर्यटकांच्या भाराने प्रवाळाची वाट लागली म्हणून २०१८ साली जूनमध्ये तो किनारा बंद केला आणि थेट जानेवारी २०२२ ला उघडला. आता मागच्या बाजूला उतरून लाकडी वाटेने चालत जायचं, पाण्यात पोहायचं नाही आणि ठरलेल्या वेळात परत फिरायचं. हे नियम चांगलेच आहेत, मला त्यांचा आनंद आहे. पण सासूबाईंसाठी आणि लेकीसाठी तो दिवस तिकिटाच्या मानाने थोडका पडेल. मित्र आणि त्याच्या बायकोला जायचं असेल तर त्यांनी खुशाल जावं. सामायिक स्पीडबोटीत दोन जागा घ्याव्यात, त्यांचा दिवस आणि त्यांचा खर्च. सहा जण एकत्र आलात म्हणजे सहाही जणांनी रोज एकाच बोटीत बसलं पाहिजे असं थोडंच आहे?

तुम्हा सगळ्यांसाठी चार बेटं. पोडा, चिकन आयलंड, टुप आणि फ्रा नांग. यासाठी स्पीडबोटीची गरजच नाही. ही ठिकाणं आओ नांगच्या समोरच, जवळ आहेत. तिथे लाकडी लाँगटेल बोट पुरते. लांब दांड्याच्या टोकाला पंखा, मागे उघडं इंजिन, वर ताडपत्रीचं छत. आवाज भरपूर, वेग बेताचा, पण आपटणं कमी आणि तिकीटही स्पीडबोटीपेक्षा कमी.

इथे तुमच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही. आओ नांगच्या किनाऱ्यावर लाँगटेलवाल्यांची तिकीटखिडकी आहे आणि तिथे दर फळ्यावर लावलेले असतात. अख्ख्या बोटीचा दर माणशी नसतो, बोटीचा असतो, अर्ध्या दिवसाचा आणि पूर्ण दिवसाचा. दोघांसाठी अख्खी बोट म्हणजे उधळपट्टी. सहा जणांसाठी गणित बदलतं. सामायिक सहलीचं तिकीट गुणिले सहा एका बाजूला मांडा, लेकीचं कमी असेल तर ते कमी धरा. दुसऱ्या बाजूला अख्ख्या बोटीचा दर, त्यात सहा जेवणाची पाकिटं, पाणी आणि मुखवट्यांचं भाडं मिळवा. उद्यानाचं शुल्क दोन्हीकडे तेवढंच. फरक किरकोळ निघाला तर अख्खी बोट घ्या, कारण तिच्यात असं काही मिळतं जे सामायिक बोटीत पैसे देऊनही मिळत नाही: वेळ तुमच्या हातात राहतो. सामायिक सहली साधारण नऊच्या सुमाराला निघतात आणि सगळ्या मिळून एकाच वेळी पोडावर आदळतात. तुम्ही आठला निघालात तर तासभर तो किनारा जवळजवळ तुमचा. सासूबाई थकल्या तर एक बेट सोडून परत फिरता येतं. सामायिक बोटीत वीस अनोळखी माणसांना तसं सांगता येत नाही. फरक मोठा निघाला तर सामायिक लाँगटेल घ्या, त्यातही काही कमीपणा नाही. किंवा हॉटेलात न्याहारीच्या वेळी ओळख झालेलं एखादं जोडपं बरोबर घ्या आणि अख्ख्या बोटीचा दर आठांत वाटा. बोटीत किती माणसं बसू देतात ते मात्र खिडकीवर आधी विचारा.

उतरण्याचं एक सांगते, कारण एजंट ते कधी सांगत नाही. बेटांवर बहुतेक ठिकाणी धक्का नाही. बोट नाक वाळूकडे करून थांबते, पुढच्या टोकाला एक अरुंद शिडी लावतात आणि आपण पाठमोरं होऊन एकेक पायरी उतरत पाण्यात पाय ठेवायचा. पाणी घोट्यापर्यंत असतं कधी, कधी मांडीपर्यंत. लाट आली की बोट वर उचलली जाते आणि शेवटची पायरी एकदम उंच होते. सासूबाईंना उतरवताना एकाने आधी खाली पाण्यात उभं राहायचं, दुसऱ्याने वरून दंड धरायचा आणि लाट ओसरून बोट खाली आली की 'आता' म्हणायचं. नावाडी शिडी घट्ट धरून ठेवतात, घाई करत नाहीत. सासूबाई साडी नेसत असतील तर त्या दिवशी सलवार किंवा थ्री-फोर्थ बरी, आणि मागे पट्टा असलेल्या रबरी चपला. खाली प्रवाळाचे तुकडे टोचतात.

आणखी एक गंमत. टुप आणि चिकन आयलंड यांच्यामध्ये ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. थाले वेक म्हणतात त्याला, दुभंगलेला समुद्र. हीच या सहलीची खरी शोभा, आणि पाण्याची वेळ न बघता गेलेली माणसं नेमकी तीच हुकवून येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाण असतं, तेव्हा ओहोटीही तितकीच खोल जाते आणि दांडा छान मोकळा होतो. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं मागे हटत नाही. कॅलेंडरवर तिथी बघून चार बेटांचा दिवस ठरवा आणि त्या दिवशीची ओहोटीची वेळ आदल्या संध्याकाळी खिडकीवर विचारा. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. याला एक पैसा पडत नाही.

आता हाँगच्या ऐवजी मोकळा झालेला दिवस. त्या दिवशी रायलेला जा. रायले मुख्य भूमीलाच जोडलेलं आहे, पण मध्ये कडे असल्याने रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं. त्याच किनाऱ्यावरून सामायिक लाँगटेल सुटतात, ठरलेलं भाडं आणि आठेक माणसं जमली की निघते. तुम्ही सहा आहात, म्हणजे फार थांबावं लागणार नाही. पंधरा मिनिटांचा प्रवास. तिथून कड्याखालच्या सपाट वाटेने चालत फ्रा नांगच्या किनाऱ्यावर पोहोचता येतं. तोच फ्रा नांग, जो 'चार बेटां'त चौथा म्हणून मोजतात. तो बेट नाहीच. म्हणून चार बेटांच्या दिवशी उशीर झाला तर तो शांतपणे सोडून द्या, रायलेच्या दिवशी जवळजवळ फुकट मिळतोय. तिथल्या गुहेत कोळी लोकांनी समुद्राच्या देवीला वाहिलेली लाकडी लिंगं रांगेने उभी आहेत, रंगीत कापडं गुंडाळलेली. लेक प्रश्न विचारेल, पण सासूबाईंना त्यात अनोळखी काही वाटणार नाही बहुतेक. परतीला अंधार करू नका. सूर्यास्तानंतर बोटी कमी होतात आणि भाडं वाढतं.

तिकिटं इथून काढू नका, एवढं स्पष्ट सांगते. आओ नांगच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर सहलींची टेबलं आहेत आणि त्यातली बरीचशी त्याच त्या मोजक्या बोटी विकतात. एकाच सहलीचे तीन टेबलांवर तीन दर ऐकायला मिळतील. आदल्या दिवशी संध्याकाळी जा, सहा जण आहोत म्हणा, सगळं धरून किती ते विचारा. फक्त तुमच्या तारखा चिनी नववर्षाला लागून नाहीत ना, ते बघा. ते २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं आणि त्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही चढतात. तसं असेल तर पोहोचल्याच दिवशी तिकीट काढून टाका. टेबलावर किंवा पावतीवर पर्यटन परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहा. थायलंडमध्ये सहली विकणाऱ्याला तो कायद्याने लागतो. बाट एकदाच काय ते जास्त काढा, कारण परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी एटीएम दोनशेहून जास्त बाट कापून घेतं. यंत्राने 'तुमच्या चलनात हिशेब करू का' विचारलं तर नाही म्हणा, बाटच निवडा.

घरून न्यायचं ते न्या: उलटीच्या गोळ्या, निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायच्या. फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. लेकीच्या मापाचा मुखवटा, कारण भाड्याचे मोठ्यांच्या मापाचे असतात, त्यात पाणी शिरतं आणि मूल पाच मिनिटांत रडत बाहेर येतं. सनस्क्रीन घेताना डब्यावरची नावं वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-एमबीसी किंवा ब्युटाइलपॅराबेन असलेली क्रीमं तिथल्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत आणि दंड एक लाख बाटपर्यंत जाऊ शकतो. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला की क्रीम लागतंच थोडं.

दोन गोष्टींत मात्र एक बाटही वाचवू नका. एक, लेकीच्या अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट. तिकीट काढतानाच लहान मापाचं आहे का विचारा आणि बोटीत बसण्याआधी घालून बघा. खांद्यांना धरून वर ओढलं आणि ते कानांपर्यंत आलं, तर ते तिचं नाही. दुसरं, हवामान. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ माणसं गेली. वादळाचा इशारा आधी दिलेला होता. तुम्ही जाताय तो फेब्रुवारी शांत समुद्राचा महिना आहे, पाऊस तिकडे साधारण मे ते ऑक्टोबर. तरी सकाळी नावाडी 'आज नको' म्हणाला तर पैसे परत मिळोत न मिळोत, त्याचं ऐका. आणि हवामानामुळे सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतील की दुसरी तारीख, हे पावतीवर लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तो, तर पुढचं टेबल गाठा.

राहिला वाटणीचा प्रश्न. 'निम्मा-निम्मा' म्हणजे तुम्ही चौघं अर्धा देणार आणि ते दोघं अर्धा. हे मित्राने मोठ्या मनाने म्हटलं असेल, पण तसं झालं तर त्याच्या बायकोला तिसऱ्या दिवशी ते खुपेल, आणि तिचं काही चुकणार नाही. निघायच्या आधी, घरीच, चहाच्या वेळी बोलून टाका. भीड ही भिकेची बहीण, आणि मैत्रीत ती जास्तच महागात पडते. मी सुचवेन ते असं: एकच सामायिक पाकीट करा. मोठ्या माणसाचा एक वाटा, लेकीचा अर्धा, म्हणजे साडेपाच वाटे, त्यातले साडेतीन तुमचे आणि दोन त्यांचे. त्या पाकिटातून फक्त सगळ्यांची बोट, उद्यानाचं शुल्क आणि बोटीतलं जेवण. बाकी सगळं टीटीएमएम. पाकीट मित्राच्या बायकोच्या हातात द्या. अख्खी बोट हवी हा हट्ट त्यांच्या घरातून आलाय, तेव्हा हिशेब तिने धरला की तो तिलाही आपला वाटेल, आणि तुम्ही मधून सुटाल.

सासूबाईंचा वाटा कोण भरणार, हे त्यांच्यासमोर बोलू नका. तो तुमच्या साडेतीनमध्ये आधीच धरलेला आहे.